कोणत्या क्लासला जात होतीस?

(बी.कॉम. तृतीय वर्ष)

गेल्या जूनमध्ये मला नोकरी लागली. नोकरी फार मोठी आहे अशातला भाग नाही. उद्यमबागेतील एका लहानशा कार्यालयात दुपारी दोन ते सात या वेळात प्रोग्राम लिहायचे, महिन्याला ९,००० रुपये घ्यायचे आणि पदवीची परीक्षा आटोपली की पूर्ण वेळ रुजू व्हायचे, एवढेच ठरले आहे. तरीही वडगावातील आमच्या गल्लीत ही बातमी पसरायला दोन दिवस लागले नाहीत. तेव्हापासून गिरणीत दळण टाकायला जावे, बसथांब्यावर उभे राहावे, नाही तर कॉलेजच्या जिन्यात कुणी भेटावे, एकच प्रश्न कानी येतो : "काय गं, कोणत्या क्लासला जात होतीस?"

अभिनंदन नंतर. आधी क्लास.

कोणत्याच क्लासला नाही, असे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही. मी पत्ता लपवते आहे असाही काहींचा समज झालेला दिसतो. आता अगदी काटेकोर बोलायचे तर पाच आठवडे मी एका क्लासला गेले होते, पण ती हकीकत वेगळीच आहे आणि ती पुढे येईल. मला खटकते ते या प्रश्नाच्या पोटात दडलेले गृहीत. आपण पडलो वाणिज्य शाखेची मुले, शाळा झालेली मराठीतून नाही तर कन्नडमधून; संगणकाची विद्या ती इंजिनिअरांची आणि इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांची; तेव्हा तिच्या दारापर्यंत जायचे तर कुणीतरी फी घेऊन बोट धरणारा हवाच, असे ते गृहीत आहे. ज्या गावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे आहे आणि हाक मारली तर दोन इंजिनिअर गॅलरीत येतात, तेथे असे वाटणे साहजिकही असेल. परंतु माझा अनुभव उलटा आहे. प्रोग्राम लिहायला शिकायचे तर आधी लिहिण्याजोगे काहीतरी जवळ असावे लागते, आणि ते बी.कॉम.च्या बाकांवर बसणाऱ्यांकडे भरपूर आहे. फक्त त्याची किंमत आपल्याला कुणी सांगितलेली नाही.

आधी त्या क्लासची गोष्ट उरकून टाकते. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मी नाव घातले. सहा महिन्यांत वेबसाइट बनवायला शिका, शंभर टक्के नोकरी, अशी पाटी होती. फी ४५,०००, त्यातला पहिला हप्ता ८,०००. माझे बाबा रविवार पेठेतील एका अडत दुकानात दिवाणजी आहेत आणि ते ८,००० म्हणजे त्यांचा दिवाळीचा बोनस होता. क्लासमध्ये सर पडद्यावर कोड टाकीत आणि आम्ही तीस जण तो बघून जसाच्या तसा उतरवून घेत असू. पाचव्या आठवड्यात मी विचारले, "सर, ही मधली ओळ काढली तर काय होईल?" उत्तर आले, "काढायची नाही." घरी येऊन फोनवर मी ती ओळ काढून पाहिली. काहीही झाले नाही. पान होते तसेच उघडले. त्या रात्री मला कळून चुकले की ज्यांना ती ओळ कशासाठी आहे हे ठाऊक नाही त्यांच्यापुढे मी वही घेऊन बसते आहे.

पैसे परत मिळाले नाहीत. बाबांना सांगण्याचा धीर व्हायला आठ दिवस लागले. ते रागावतील असे वाटले होते. चष्मा पुसत ते एवढेच म्हणाले, "बुडीत खाती टाक. पण वहीत लिही हं, लपवायचं नाही." आमच्या घरखर्चाच्या वहीत ती नोंद आजही आहे.

त्यानंतरचे शिक्षण फुकटात झाले असे म्हटले तर चालेल. वेबचे सारे साहित्य उघडे पडलेले आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली त्या संस्थेने ती कोणालाही विनामूल्य वापरण्यासाठी खुली करून टाकली. त्या उदारपणाचा वारसा अजून शिल्लक आहे. कोणत्याही पानाचा कोड ब्राउझरमध्ये उघडून पाहता येतो. मोझिलाची माहितीपाने आहेत, फ्रीकोडकॅम्पचे धडे आहेत. मुंबईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल या नावाने जे धडे केले आहेत ते तर मराठी, कन्नडसह अनेक भारतीय भाषांतून ऐकायला मिळतात. पहिले चार महिने मी हे सर्व फोनवरच केले. मग शहापुरातील मामांच्या साडीच्या दुकानात सुटीभर बसले, त्या पैशांत थोडी भर घालून १४,००० रुपयांना एक जुना लॅपटॉप घेतला. त्याची बॅटरी वीस मिनिटे चालते. वीज गेली की माझे शिक्षणही थांबे.

सोबतीला एक मैत्रीण होती. ती बैलहोंगलकडची, दहावीपर्यंत कन्नड माध्यमातील. याच अंकाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात, कन्नड विभागात तिचाही लेख आहे. तिने त्यात काय लिहिले आहे ते मी छापून येईपर्यंत वाचायचे नाही असे आमचे ठरले आहे. आम्ही दोघींनी मिळून एक वही केली होती. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, मधल्यात मराठी, उजव्यात कन्नड. सुरुवातीला ती वही झपाट्याने भरली, आणि मग एका ठिकाणी येऊन तिचा वेग अगदी मंदावला. कारण शब्द संपत आले! जावास्क्रिप्ट या भाषेचे राखीव शब्द मोजले तर चाळीसच्या आसपास भरतात. इफ, एल्स, फॉर, रिटर्न, फंक्शन असे. इंग्रजी दुसरीच्या पुस्तकातही याहून अधिक शब्द असतील. पुढे पुढे तर चुकांचे संदेशही आम्हाला तारेसारखे वाचता येऊ लागले. 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. जी वस्तू अस्तित्वातच नाही तिच्या खिशात हात घालू नकोस, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गंमत आम्हाला उशिरा कळली. प्रोग्राममध्ये आपण जी नावे देतो ती देवनागरीत दिली तरी जावास्क्रिप्टला चालतात. मी 'शिल्लक' असे नाव देऊन पाहिले, बिनतक्रार चालले. मैत्रिणीने कन्नड लिपीत दिले, तेही चालले. मग एकाच प्रोग्रामवर दोघींनी काम करायचे तर नावे कोणत्या भाषेत, यावर आमचे चांगलेच वाजले. शेवटी लक्षात आले की 'खाते', 'जमा', 'खर्च', 'बाकी' हे शब्द तिच्याकडेही आहेत, फक्त शेवटचा स्वर थोडा इकडेतिकडे. व्यापाराने आपल्या दोन्ही भाषांना एकच शब्द फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहेत. कार्यालयात मात्र आम्ही नावे इंग्रजीतच देतो, कारण उद्या तो कोड कोण वाचील ते सांगता येत नाही. यात मला काही कमीपणा वाटत नाही.

इंग्रजी मुळीच आडवे येत नाही असे म्हणणे मात्र शुद्ध खोटे होईल. बंगळुरूच्या एका कंपनीने व्हिडिओवर माझी मुलाखत घेतली. प्रश्न समजला होता, उत्तरही डोक्यात होते, पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत समोरची व्यक्ती पुढच्या प्रश्नावर गेलेली असे. बारा मिनिटांत आटोपले. वाचायचे इंग्रजी आणि बोलायचे इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवाचून प्रोग्रामरचे भागत नाही. दुसरी नसेल तर काही दारे बंद राहतात. पण आपण काय करतो, तर दुसरी येत नाही म्हणून पहिलीच्याही वाटेला जात नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे लिहिण्याजोगे काय होते.

माझ्या आईचा एक बचत गट आहे. १४ बायका, दर आठवड्याला १०० रुपये, गरजेला कर्ज, त्यावर महिना दोन टक्के व्याज. निम्म्या मराठी, निम्म्या कन्नड बोलणाऱ्या. हिशेबाची वही एकीच्या घरी असे आणि ती माहेरी गेली की साऱ्यांचाच हिशेब माहेरी जाई. मी ठरवले की याचा प्रोग्राम करायचा. प्रत्येकीला आपले खाते फोनवर दिसले पाहिजे, तेही आपल्या भाषेत. क्लासमध्ये आम्ही जे उतरवून घेत होतो ते कुठल्याशा काल्पनिक हॉटेलचे पान होते. त्याचे बटण चालले काय आणि न चालले काय, कुणाचे काही अडत नव्हते. इथे चूक झाली तर आईला शेजारणींची बोलणी खावी लागणार होती. शिकण्याला गती कशाने येते ते मला तेव्हा समजले.

चूक झालीच. व्याजाच्या नोंदी चढवल्यावर पडद्यावर जमेची बेरीज आणि नावेची बेरीज अगदी सारखी दिसे, आणि त्याच पानावर खाली माझाच प्रोग्राम लाल अक्षरांत सांगे की तेरीज जुळत नाही. तीन रात्री मी कोड वर-खाली वाचला. शेवटी वैतागून अगदी साधी बेरीज करून पाहिली : दहा पैसे अधिक वीस पैसे, म्हणजे ०.१ अधिक ०.२. जावास्क्रिप्टने उत्तर दिले ०.३०००००००००००००००४! संगणक आकडे दोनच अंकांत, शून्य आणि एक यांत साठवतो. एक तृतीयांश लिहायला गेलो की आपल्याला जसे ०.३३३३ असे न संपणारे लिहावे लागते, तसा त्याला एक दशांश न संपणारा होतो. कुठेतरी तो तोडतो आणि तेवढा कण उरतो. पडद्यावर दोन दशांश स्थळेच दाखवायची असे मी सांगितले होते म्हणून तो कण दिसत नव्हता एवढेच.

जेवताना बाबांना हे सांगितले. ते म्हणाले, "मग रुपयांत कशाला मोजतेस? पैशांत मोज. अपूर्णांक येणारच नाही." संगणकाला कधी हात न लावलेल्या माणसाने एका वाक्यात जो तोडगा सांगितला, तोच पुढे मला इंग्रजीतल्या मोठमोठ्या लेखांत सापडला : रक्कम सर्वात लहान नाण्यात, पूर्णांकात साठवावी. बाबा पुढे म्हणाले की त्यांचे वडील आणे-पैंतच मांडत असत. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत्या. त्या काळच्या दिवाणजींना ०.१ ची भानगड माहीतच नव्हती. व्याजात अर्धा पैसा आला तर त्याचे काय करायचे, हे मात्र संगणकही सांगत नाही आणि बाबांनीही सांगितले नाही. ते गटाच्या बैठकीत ठरले. पन्नास पैसे किंवा वर असतील तर पुढचा रुपया, नाही तर सोडून द्यायचे. चर्चा पाऊण तास चालली.

आकडे दाखवतानाची एक गोष्ट जाता जाता. मराठी पद्धतीने आकडा दाखव असे एका ओळीत सांगितले की ब्राउझर लाख-हजारांच्या जागी स्वल्पविराम देऊन देवनागरी अंक छापतो. कन्नडसाठी तीच ओळ लिहिली तर अंक इंग्रजीच आले. कन्नड अंक हवे असतील तर ते वेगळे मागावे लागतात. मैत्रीण दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू हे मीच केले होते.

दुसरा प्रोग्राम मामांच्या दुकानाचा. शहापुरातून साड्या बैलहोंगलला जातात तशा चंदगड-गडहिंग्लजला जातात, फोंड्यालाही जातात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्यात राज्यातल्या राज्यात माल गेला तर कर केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा लावायचा, आणि राज्याबाहेर पाठवला तर आयजीएसटी म्हणून एकच. व्यापाऱ्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. बेळगावात ज्या प्रश्नावर आजवर इतकी भाषणे झाली, आणि ज्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो माझ्या प्रोग्राममध्ये दोन अंकांच्या तुलनेचा झाला. २९ असेल तर अडीच-अडीच टक्के, नसेल तर पाच. मामांकडे याआधी हे हाताने होई आणि चंदगडच्या बिलावर निम्मा-निम्मा कर लागून जाई. मग दुरुस्तीसाठी सल्लागारांकडे खेपा. या कामात मला प्रोग्रामिंग कमी आणि दुसऱ्या वर्षाचे कर-विषयाचे पुस्तक जास्त उपयोगी पडले. तेच पुस्तक आम्ही परीक्षेनंतर अर्ध्या किमतीला विकायला काढले होते!

इथेही फजिती चुकली नाही. एप्रिलच्या पाच तारखेचे पहिले बिल छापले तर त्यावर मार्च महिना. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी म्हणजे शून्य, एप्रिल म्हणजे तीन. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली ही भाषा पहिल्यांदा दहा दिवसांत उभी केली असे सांगतात, आणि तारखांची ही पद्धत त्यांनी जावा या दुसऱ्या भाषेतून उचलली. कुणाला महिनाभराचा फरक किरकोळ वाटेल. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला विचारा. एप्रिलचे बिल मार्चमध्ये गेले म्हणजे ते मागच्या आर्थिक वर्षात गेले. मामांनी ते बिल जपून ठेवले आहे आणि पाहुण्यांना दाखवतात.

एकीकडे नोकरीसाठी अर्ज चालू होते. पाच महिन्यांत ४३ अर्ज पाठवले. सहा ठिकाणांहून उत्तर आले, तीन ठिकाणी मुलाखत झाली. बंगळुरूची हकीकत सांगितलीच. दुसरीकडे मला झाड उलटे करायला सांगितले. म्हणजे बायनरी ट्री नावाची माहितीची एक मांडणी असते, ती. मला ती तेव्हा येत नव्हती, आज येते, पण त्या दिवशी ते मला नाकारण्यात चुकले असे मी म्हणणार नाही. इंजिनिअरिंगची मुले जे चार वर्षे पद्धतशीर शिकतात ते आपण दोन वर्षांत रात्री जागून शिकलो म्हणून सगळेच येते अशा भ्रमात राहू नये.

तिसरी मुलाखत अर्जामुळे आलीच नाही. मामांचे जीएसटीचे काम पाहणाऱ्या सल्लागारांनी एकदा विचारले, "ही बिले कोणाच्या सॉफ्टवेअरची?" त्यांचे आणखी एक अशील उद्यमबागेत फाउंड्रीवाल्यांसाठी बिलाचे आणि मालसाठ्याचे प्रोग्राम बनवतात. तेथे त्यांनी माझे नाव सुचवले. याला नशीब म्हणायचे तर म्हणावे. सगळ्यांना साडीचे दुकान असलेले मामा नसतात, हे मला मान्य आहे. पण ४३ अर्जांवरील माझ्या माहितीने जे केले नाही ते एका बरोबर छापलेल्या बिलाने केले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आणि वही नसलेली गल्ली बेळगावात तरी मी पाहिलेली नाही. दूधवाल्याची असते, भिशीची असते, गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीची तर असतेच असते.

मुलाखतीत मालकांनी संगणक सुरूही केला नाही. कन्नड आणि मराठी मिसळून ते म्हणाले, "एका गिऱ्हाइकाने १० नग नेले. बिल झालं. चार दिवसांनी ३ नग परत आणले. तुमचा प्रोग्राम काय करील?" मी म्हटले, मूळ बिलाला हात लावायचा नाही, ३ नगांची क्रेडिट नोट करायची आणि साठ्यात ३ नग परत जमा करायचे. ते म्हणाले, "बिलातच १० चे ७ केले तर? सोपं पडेल की." माझ्या तोंडून निघून गेले, "बाबा ओरडतील." मग समजावून सांगावे लागले. आमच्या बाबांच्या रोजकीर्दीत खाडाखोड नसते. नोंद चुकली तर ती तशीच राहते आणि तिला मारणारी उलटी नोंद दुसऱ्या तारखेला होते; म्हणजे चूक कधी झाली आणि कधी सुधारली, दोन्ही दिसते. मालकांनी तेव्हा सांगितले की १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला कायद्याने हेच बंधन आहे. कोणती नोंद केव्हा बदलली याचा माग ठेवायचा आणि तो बंद करता येता कामा नये. माझ्या आधी आलेल्या तिघांनीही १० चे ७ केले होते, असे नंतर कळले. तिघेही माझ्याहून चांगले प्रोग्रामर असणार, याबद्दल मला शंका नाही.

आमच्या प्राध्यापकांपैकी एकांनी मला वेगळाच प्रश्न केला. ते म्हणाले, "आता तर हे सगळं ती कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते. तुम्ही शिकून करणार काय?" प्रश्न रास्त आहे आणि मला त्याची भीतीही वाटते. कार्यालयात आम्ही ती साधने रोज वापरतो. मी एकदा मुद्दाम बचत गटाच्या हिशेबाचा प्रोग्राम त्यातल्या एकाकडून लिहून घेतला. एका मिनिटात दिला, माझ्यापेक्षा नीटनेटका होता, आणि रक्कम त्याने रुपयांत, अपूर्णांकात साठवली होती. आईच्या जुन्या नोंदी घालून पाहिल्या आणि तेरीज जुळेना. मला ते पाच मिनिटांत सापडले, कारण त्याच चुकीपायी मी तीन रात्री घालवल्या होत्या. त्या तीन रात्री ज्याने घालवल्या नाहीत त्याने तो प्रोग्राम तसाच गटाला दिला असता. उद्या ते यंत्र हेही शिकेल, कदाचित एव्हाना शिकलेही असेल. तेव्हा माझे काय, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आज मालकांना लिहिलेले चुकले आहे हे ओळखणारे माणूस हवे आहे आणि त्यासाठी ते मला ९,००० रुपये देतात, एवढे खरे.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या कॉलेजात संगणक कक्ष आहे, त्यात ३० संगणक आहेत, आणि दुपारी दीड वाजता त्याला कुलूप लागते. संगणकाच्या पेपरात प्रोग्राम पेनाने कागदावर लिहायचा असतो. तो चालतो की नाही ते ना लिहिणाऱ्याला कळते ना तपासणाऱ्याला. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी आपण ५० प्रश्नावल्या भरून घेतो. त्यातल्या किती खरोखर भरून घेतो आणि किती वसतिगृहात एका रात्रीत भरतो, ते सर्वांना ठाऊक असून कुणी बोलत नाही. त्याऐवजी एखाद्या खऱ्या दुकानाचा, खऱ्या गटाचा हिशेब घेऊन त्याचा चालता प्रोग्राम केला तर तो प्रकल्प म्हणून का स्वीकारू नये? गुण द्यायला प्राध्यापकांना अवघड जाईल असे म्हणतात. तेरीज जुळते की नाही एवढे पाहिले तरी पुरे. लेखाशास्त्र शिकवणाऱ्यांना ते आमच्यापेक्षा चांगले पाहता येते.

जुलैमध्ये आम्ही ३१ जणांनी सह्या करून अर्ज दिला आहे. मजकूर वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. मागणी एवढीच, की कक्ष संध्याकाळी पाचपर्यंत उघडा ठेवावा. विजेचा खर्च आणि देखरेख यांचा विचार चालू आहे असे समजते. देखरेखीला आळीपाळीने बसायला आम्ही तयार आहोत, तसे अर्जात लिहिलेही आहे. तोपर्यंत प्रथम वर्षाच्या चार मुली बाहेर पायऱ्यांवर बसून फोनवर कोड लिहितात. त्यातल्या एकीने परवा मला विचारले, "ताई, ही ओळ काढली तर काय होईल?" मी म्हटले, काढून बघ की.